पंकजाला दिसलेलं ड्रोन

त्या वर्षीच्या आषाढात शेवगावच्या आसपासची गावंच्या गावं रात्रभर आभाळाकडं बघत बसली होती. ड्रोन येतंय म्हणे. चोर आधी वरून ड्रोन फिरवतात, कुणाच्या घरी काय आहे ते हेरतात आणि मग मागाहून दरोडा पडतो, असं कुणीतरी मोबाईलवर टाकलं. झालं! ज्यानं वाचलं त्याला त्याच रात्री ड्रोन दिसलं, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दोन दिसली.

बोरवंड गावात दोनशे घरं. त्या दोनशे घरांत घाबरलं नाही असं एकच माणूस होतं, ते म्हणजे भागवतची बायको पंकजा. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. इतका झाला होता की तो लपवता लपवता तिची तारांबळ उडत होती.

या आनंदाचं मूळ तिच्या पाठीत होतं. पंकजाला कण्याचा वात. त्याचं डॉक्टरी नाव भलतंच लांबलचक आहे. तिची लेक निकिता नगरला नर्सिंग शिकते, तिला ते एका दमात म्हणता येतं. घरात बाकी कुणी त्या वाटेला जात नाही. आजारही मुलखावेगळा. साऱ्या जगाची पाठ काम करून दुखते आणि आडवं झालं की थांबते. पंकजाची आडवं झालं की दुखते आणि चालायला लागलं की थांबते. आता असला आजार सासूला सांगायचा तरी कसा? सांगितला तेव्हा आक्काबाई पोट धरून हसली होती.

"काम क्येलं की बरं वाटतंय म्हनं! आगं, आसला आजार गावातल्या समद्या सुनांना होऊ दे की."

पहिली बारा वर्षं अशी हसण्यावारीच गेली. बाळंतपणात कंबर धरली म्हणून शेक झाला, तेल झालं, हाडवैद्य झाला. सकाळी उठताना पंकजाचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, तर गावानं तिला झोपाळू ठरवलं. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणारी बाई आणि नाव काय, तर झोपाळू! शेवटी निकितानं हट्टानं तिला नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो काढले, रक्त तपासलं आणि सांगितलं, "हा जन्माचा सोबती आहे. गोळ्यांनी ताब्यात राहील, पण जाणार नाही. आणि बाई, रात्री दुखायला लागलं की अंथरुणात तळमळत पडू नका. उठायचं आणि चालायचं. मोकळ्या रस्त्यानं, सरळ, चांगली पंचवीस मिनिटं. मग बघा कशी झोप लागते ती."

डॉक्टरांना सांगायला काय जातंय? त्यांचा रस्ता नगरचा, दिव्यांचा. इथं बोरवंडात रात्री दोन वाजता बाईमाणसानं रस्त्यानं चालायचं म्हणजे? आक्काबाईनं एका वाक्यात निकाल दिला.

"लोकं काय म्हनतील?"

भागवत भला माणूस, पण आईच्या शब्दापुढं जाणारा नव्हे. शिवाय त्याला चार गायी, चार एकर कापूस आणि पहाटेचं दूध. तो पाठ टेकायचा आणि घोरायला लागायचा, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नसे. म्हणून मग पंकजा घरातच चालायची. चुलीपासून गोठ्याच्या दारापर्यंत बावीस पावलं. बावीस झाली की वळायचं, आणि वळताना माकडहाडात अशी कळ निघायची की चाललेलं सगळं पाण्यात. कधी गाय मध्येच बसलेली असायची, मग अठराच पावलं. रात्री दोनला कुणीतरी कमरेत पहार घातल्यासारखी ती जागी व्हायची ती पहाटे साडेचारपर्यंत. पदराचा बोळा तोंडात धरून रडायची. दुखण्यानं नव्हे, दुखणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिला झोपलेल्या माणसांचा राग यायचा. नवरा, सासू, शेजारची आळी, सगळं गाव! मेले कसे पसरलेत बघा, म्हणायची मनातल्या मनात.

आणि अशात ते ड्रोन आलं.

सरपंच काकासाहेबांनी देवळापुढं गाव गोळा केलं आणि गस्त लावली. घरटी एक माणूस. मारुतीच्या देवळापासून एसटी स्टँडपर्यंतचा सरळ रस्ता, रात्री अकरा ते चार, तुकड्या पाडून. भागवतची पाळी आली दुसऱ्याच रात्री, दोन वाजता. पोरांनी दार बडवलं, भागवत काही हलला नाही. पंकजा अर्थातच जागी होती, गोठ्याच्या दारातून वळत होती. तिनं कडी काढली. पुढं अमृत उभा. भावकीतलाच पोरगा, बाविशीतला, गस्तीच्या पोरांचा म्होरक्या.

"काकू, काकाला उठवा. घरटी एक मानूस पायजे."

पंकजानं मागं वळून घोरणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं. मग सासूच्या अंथरुणाकडं पाहिलं. आणि तिनं खुंटीवरची बॅटरी उचलली.

"मानूसच पायजे ना? मी काय जनावर हाय व्हय? चला."

तेवढ्यात आक्काबाई उठून बसली होती. पण सरपंचांचा हुकूम, दारात पाच पोरं, वरून ड्रोन. आक्काबाईला काही म्हणता येईना.

काय ती रात्र! पंकजानं पहिली पन्नास पावलं टाकली आणि तिच्या लक्षात आलं की वळायचंच नाही. रस्ता आहे, पुढं आणखी रस्ता आहे. शंभर झाली, दोनशे झाली, तिनं मोजायचं सोडून दिलं. डाव्या बाजूला डेअरीचं मशीन घुमत होतं, कापसाच्या ओल्या रानाचा वास येत होता, देवळाच्या पारावर आणखी चार-पाच बाया चहाचं पातेलं मांडून बसल्या होत्या आणि तिला हाका मारत होत्या. रात्रीचे अडीच आणि सगळं गाव जागं! इतकी वर्षं ती ज्या वेळेला एकटी होती, त्या वेळेला आज जत्रा भरली होती. स्टँडपर्यंत जाऊन परत, पुन्हा स्टँडपर्यंत जाऊन परत. तिसऱ्या फेरीला कमरेतली पहार कुणी अलगद काढून घेतल्यासारखं वाटलं. घरी येऊन पडली ती डायरेक्ट सव्वासहाला उठली. धार काढायची राहून गेली म्हणून आक्काबाई कावली, तर ही हसतच सुटली. चार वर्षांत रात्री दोनच्या पुढं सलग दोन तास झोपलेली नव्हती हो ती. तिला हसू आवरेना.

त्या दिवसापासून भागवतच्या जागी गस्तीला पंकजाच. भागवतला झोप मिळाली, त्यानं मुकाट्यानं मान डोलावली. रात्र झाली की इतर बायांच्या जिवाचं पाणी व्हायचं आणि ही मात्र जेवणं उरकून घड्याळाकडं बघत बसायची, माहेरहून कुणी न्यायला येणार असल्यासारखी. देवापुढं दिवा लावताना सगळं गाव मागायचं की, देवा, ते ड्रोन टळू दे. पंकजा डोळे मिटून म्हणायची, "मारुतीराया, आनखी थोडे दिस राहू दे."

आता मारुतीनं तरी कुणाचं ऐकावं? दोनशे घरांचं की एका पाठीचं? नवव्या दिवशी गावाचा उत्साह उतरला. खुरपणी तोंडावर आली होती, रात्रभर जागून माणसं दिवसा सरीत पेंगत होती. मोबाईलवरचे निरोप आटले. काकासाहेबांनी पारावर जाहीर केलं, "दरोडा न्हाई, काय न्हाई. आज शेवटची गस्त. उद्यापासून ज्यानं त्यानं आपापल्या घरी झोपावं."

पंकजा तिथंच उभी होती. ज्यानं त्यानं झोपावं! तिच्या डोळ्यांपुढं ती बावीस पावलं आली, गाय आली, ते वळणं आलं. उद्यापासून पुन्हा पदराचा बोळा. तिला वाटलं, धरणीकंप व्हावा, पण ही गस्त राहावी. आणि दोनच्या सुमारास स्टँडजवळ पोचल्यावर, आपण काय करतोय हे कळायच्या आत तिचा हात वर गेला.

"त्ये बघा! त्ये बघा गेलं! वढ्याच्या अंगाला!"

आभाळात काही म्हणजे काही नव्हतं. ढग होते, तेही काळे. पण गंमत बघा. अमृतला ते लगेच दिसलं. त्याच्या शेजारच्याला त्याचा लाल दिवा दिसला, पलीकडच्याला हिरवा. एकजण म्हणाला, खाली उतरतंय. पारावरून पळत आलेल्या काकासाहेबांना दिसलं नाही, पण आवाज स्वच्छ ऐकू आला, भुंग्यासारखा. पाच मिनिटांत बारा साक्षीदार झाले आणि पंकजाचं ड्रोन ओढ्यात उतरलं, हे गावात पक्कं झालं. तिला वाटलं होतं फार तर एक रात्र वाढेल. काकासाहेबांनी गस्त दुप्पट केली.

पुढच्या तीन रात्री पंकजा पोटभर चालली आणि गाढ झोपली. पण ही झोप कुणाची हिरावून आली होती ते तिला घरातच दिसत होतं. आक्काबाईनं आपली सोन्याच्या पुतळ्यांची माळ ज्वारीच्या कणगीत पुरली होती आणि ती रात्रभर कणगीला टेकून बसून राहायची. पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी, जरा खुट्ट झालं की दचकायची. "पंकजा, आलं का गं?" विचारायची.

"न्हाई आलं, आत्याबाई. झोपा तुमी."

"आता कुठली झोप बाई. तू बघितलंस ना डोळ्यांनी."

एकदा तरी सांगून टाकावं असं पंकजाच्या ओठांवर यायचं. पण घड्याळात दोन वाजायचे, कमरेत कळ उठायची आणि ती बॅटरी घेऊन निघायची. माणसाला आपल्या दुखण्यापुढं दुसऱ्याचं दुखणं लहान वाटतं. तिलाही वाटलं. त्याची लाज तिला अजून वाटते.

चौथ्या रात्री पंकजा देवळाकडून परतत होती आणि स्टँडकडून एकदम कालवा उठला. "सापडला! सापडला!" सगळ्या बॅटऱ्या तिकडं धावल्या. पंकजाही धावली. कंबर ताठ धरून, वेडंवाकडं, पण धावली. स्टँडच्या शेडच्या खांबाला एका माणसाला दोरीनं करकचून बांधलं होतं. अंगात रेनकोट, गुडघ्यापर्यंत ओढ्याचा चिखल, डोक्याला बांधलेली बॅटरी घसरून गळ्यात आलेली. ओठ फुटला होता. अमृत त्याची पिशवी उलटी करून एकेक वस्तू गावाला दाखवत होता.

"ह्या बघा दोऱ्या! बांधून टाकायला. ही बघा इंजेक्शनं! गुंगीची. आन ह्ये हातमोजे बघा, कोपराच्या बी वर जात्यात. बोटांचा ठसा उमटू ने म्हनून!"

"आवं, मी गुरांचा डाक्टर हाय," तो माणूस कळवळून म्हणत होता. "कल्यानच्या वस्तीवर निघालोय. गाय अडलीय त्याची. वासरू आडवं आलंय. फोन द्या माझा, इचारा त्याला!"

"चोर काय चोर हाय म्हनून सांगतो व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि आणखी एक चपराक बसली. फोन पोलिसांना द्यायचा पुरावा म्हणून काकासाहेबांच्या खिशात गेला होता.

पंकजानं त्याच्या तोंडावर बॅटरीचा झोत मारला आणि तिनं त्याला ओळखलं. हा छगन डॉक्टर. पाथर्डीकडून ओढ्यापलीकडच्या गावात येऊन त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. मागच्याच आठवड्यात भागवत रानात असताना त्यानं तिच्या गायीला इंजेक्शन दिलं होतं आणि दारातच उभ्या उभ्या चहा पिऊन गेला होता. गावातल्या पोरांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

"आरं सोडा त्याला! खरंच डाक्टर हाय त्यो. आमच्या घरी येऊन गेलाय."

"काकू, तुमच्या घरी पाहनी कराया आला आसंल," अमृत म्हणाला. "तुमीच दावलं ना, ड्रोन वढ्यात उतरलं म्हनून? ह्यो तितूनच वर आला. बरुबर त्याच जागंवरून!"

"वहिनी, तुमी बाजूला व्हा," काकासाहेब म्हणाले. "सकाळी पोलीस येत्याल. तवर ह्यो हितंच ऱ्हाईल."

सकाळपर्यंत! छगन डॉक्टरनं डोळे मिटून घेतले. "तासाभरात मरंल वो ती गाय," तो एवढंच म्हणाला.

गावाबाहेर वस्तीवर राहणाऱ्या कल्याणची ती एकुलती एक गाय. पंकजाला ते माहीत होतं. ती गाय मेली तर कुणामुळं मेली, तेही तिला माहीत होतं आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. वीस-बावीस बाप्ये, पाच-सहा बाया, सगळ्यांच्या बॅटऱ्या लागलेल्या. आता बोललं तर उद्या तोंड कुठं लपवायचं? आणि गप्प राहिलं तर परवा आरशात कुठलं तोंड बघायचं?

"ड्रोन नव्हतंच," पंकजा म्हणाली.

"काय म्हनता?"

"वढ्यात ड्रोन नव्हतं. मी खोटं बोलले. सोडा आदी त्याला."

आता तुम्हाला वाटेल, झाली सुटका. कसली सुटका! गाव मानायलाच तयार नाही.

"आसं कसं नव्हतं? म्या बघितलंय," अमृत म्हणाला. "लाल दिवा हुता."

"हिरवा," दुसरा म्हणाला.

"म्या आवाज ऐकलाय वहिनी, ह्या कानांनी," काकासाहेबांचा आवाज चढला. "तुमी एकट्यानंच बघितलं आसतं तर गोष्ट येगळी हुती. बारा जनांनी बघितलंय. चोराची दया येऊन आसं काय बी बोलू नगा."

खोटं एका बोटानं गावाला पटलं होतं आणि खरं ओरडून सांगितलं तरी पटेना. तिकडं गाय कळा देत होती. पंकजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिनं लाज, पदर, नवऱ्याचं नाव, सासूचं नाव, सगळं बाजूला ठेवलं आणि जे कधी कुणापुढं बोलली नव्हती ते बोलली.

"मला रातीला झोप येत न्हाई! चार वर्सं झाली. दोनला पाठ फाडून काढती माझी. घरात बावीस पावलं चालून चालून येडी झाले मी. डाक्टर म्हनला रस्त्यानं चाल, पन मी बाई! रातीची कशी चालू? गस्त आली आन मला झोप लागली. तुमी म्हनलात उद्यापासून गस्त बंद. म्हनून हात वर क्येला मी. आभाळात काय नव्हतं. माझ्या पायांसाठी खोटं बोलले. आता मारायचं तर मला मारा, पन त्या मानसाला सोडा!"

असलं खोटं कुणी स्वतःवर घेत नाही, हे अडाण्यालाही कळतं. काकासाहेबांनी खाली बघत खिशातून फोन काढला. त्यावर कल्याणचे सतरा कॉल येऊन गेलेले.

मग काय पळापळ झाली! अमृतनंच गाठ सोडली, त्यानंच डॉक्टरला मोटारसायकलवर घेतलं आणि पंकजाला घेऊन काकासाहेब मागून सुटले. वस्तीवर कल्याण दारात उभा राहून रडत होता. गाय पाय ताणून पडलेली. डॉक्टरनं हातमोजा चढवला, तर दोरी आवळून आवळून त्याचं डावं मनगट भाकरीएवढं सुजलेलं. उजवा हात आत घालून त्यानं वासरू सरळ केलं, पायांना दोऱ्या लावल्या आणि मागं बघितलं.

"मला वढता यायचं न्हाई. कोन वढतंय?"

अमृत पुढं झाला. पंकजा बॅटरी धरून उभी राहिली. तासभर हात हलू दिला नाही तिनं. "वढ! थांब. तिची कळ येऊ दे. आता वढ!" आणि पावणेचारला वासरू बदकन बाहेर आलं. पण हलेना. डॉक्टरनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत गवताची काडी घातली, पोत्यानं खसाखसा पुसलं. आणि ते शिंकलं! कालवड! कल्याणनं डॉक्टरचे पाय धरले, अमृत भिंतीकडं तोंड करून हमसून रडायला लागला, आणि पंकजाला काय झालं कुणास ठाऊक, ती मोठमोठ्यानं हसत सुटली. गाय जगली होती, कालवड उभी राहायला बघत होती आणि मनावरचं ओझं एकदाचं उतरलं होतं. उद्याचं उद्या.

उद्या मात्र आलाच. भागवतला ही गोष्ट डेअरीच्या रांगेत कळली, दुधाचा कॅन हातात असताना. घरी आला, कॅन आपटला. "तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाईस," एवढं बोलला आणि दोन दिवस अबोला. छगन डॉक्टरची गावानं माफी मागितली, टॉवेल-टोपी दिली, गस्त बंद झाली. आणि बोरवंड आपल्या आवडत्या कामाला लागलं. चक्कीवर पंकजा, पारावर पंकजा, पाण्याच्या टाकीवर पंकजा. पोरं तिला पाहिली की आभाळाकडं बोट करायची. गावानं तिला नाव ठेवलं, ड्रोनकाकू. नाव ठेवण्यात बोरवंडाचा हात धरणारं गाव तालुक्यात नाही.

पंकजा पुन्हा बावीस पावलांत आली. तीन रात्री चुलीपासून गोठ्यापर्यंत. चौथ्या रात्री वळताना कळ आली आणि तिनं भिंत धरली, तेव्हा अंधारातून आक्काबाईचा आवाज आला. म्हातारी आता कणगीला टेकून नव्हती, अंथरुणावर होती, पण जागी होती.

"पंकजा, हितं कशाला घिरट्या घालतीस? जा की रस्त्यावर."

पंकजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आन लोकं?"

"लोकांचं समदं म्हनून झालं की गं आता," आक्काबाई म्हणाली. "आनखी काय म्हनायचं ऱ्हायलंय त्यांचं?"

भागवतचं घोरणं मघाशीच थांबलेलं होतं, हे तिच्या आता लक्षात आलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. तसाच पडून म्हणाला, "बॅटरी चार्जिंगला लावलीया."

तेव्हापासून आजतागायत रात्री दोन वाजता पंकजा रस्त्यावर असते. वात आहे, गोळ्या आहेत, काही रात्री चार फेऱ्यांनीही भागत नाही. पण चालते.

गेल्या माघात देवळाजवळच्या एका घरी कुणीतरी लांबचा पाहुणा मुक्कामाला होता. ओसरीवर झोपलेला. पंकजाच्या चपलांच्या आवाजानं तो धडपडून उठला आणि ओरडला, "ओ, उठा! रस्त्यानं कोनतरी बाई चाललीय!"

पंकजाचा पाय क्षणभर अडखळला. घरातून यजमानाचा झोपेतला आवाज आला.

"झोपा पाव्हनं. आमच्या ड्रोनकाकू हायेत त्या. त्या जाग्या हायेत म्हनल्यावर काळजी न्हाई."

पाहुण्यानं गोधडी डोक्यावरून ओढली. पंकजा स्टँडकडं चालू लागली.